आत्याचा कान आणि माझा

माझ्या कानांविषयी मला लहानपणापासून थोडासा गर्व होता, हे आरंभीच कबूल करून टाकतो. आत्याची गाण्याची शिकवणी आमच्याच घरी चाले. वर्गातली एखादी मुलगी गंधारावर घसरली की आत्या काही बोलायच्या आधी माझ्या कपाळाला आठी पडे, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे. गळा मात्र मला लाभला नाही. कान देताना देव गळा द्यायचे विसरला, एवढे म्हणून मी समाधान मानले, एका छापखान्यात ३१ वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झालो. घरात टेपरेकॉर्डर घ्यायचा असो की चिरंजीवांचा नवा स्पीकर असो, "आधी बाबांना ऐकवा, मग ठरवा" असा आमच्याकडे प्रघात. तेव्हा आत्यासाठी हेडफोन आणायचे ठरले, त्या वेळी निवड कोणी करायची हा प्रश्नच उद्भवला नाही.

हेडफोनची वेळ का आली तेही सांगतो. आत्याचे वय त्र्याऐंशी. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि पुढे जमेल त्या प्रत्येक वर्षी तिने तिथे हजेरी लावली. २०२४ च्या डिसेंबरात महोत्सवाला निघायच्या आदल्या दिवशी ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिचा मुक्काम आमच्या मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. दिवस काढायला तिच्यापाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणे. तिच्या जुन्या कॅसेटी आणि घरगुती बैठकींची मुद्रणे चिरंजीवांनी मोठ्या कष्टाने संगणकावर उतरवून दिली होती. पण चिरंजीवांची कचेरी हल्ली घरातच भरते. इकडे बडा ख्याल आणि तिकडे साहेबाशी बोलणे, हे तीन खोल्यांच्या जागेत कसे जमायचे?

मी दुकानात गेलो, पाऊण तास निरनिराळे नमुने कानांवर चढवले आणि १८,५०० रुपयांचा एक हेडफोन पसंत केला. आवाज कसा म्हणाल, तर आरशासारखा लख्ख! तबल्याची चाट कानाशी येऊन वाजत होती. सौभाग्यवतींनी किंमत ऐकून पदर तोंडाला लावला, ती गोष्ट वेगळी. चिरंजीवांनी त्यांच्या अकलेने २,२०० रुपयांचा दुसरा एक मागवून ठेवला होता; "असू द्या, नाही आवडला तर मी वापरीन," म्हणाले.

आत्याने दोन्ही लावून पाहिले. माझा काढून ठेवीत म्हणाली, "हा टोचतो रे." चिरंजीवांचा अर्धा तास कानांवर ठेवला आणि मग विचारले, "तबलजीचा डावा हात कुठं गेलाय? डग्गा नाहीच आहे. तुझ्याही नव्हता नि ह्याच्याही नाही."

मी दोन्ही हेडफोन स्वतःच्या कानांवर लावून तोच तुकडा ऐकला. डग्गा होता. चांगला घुमत होता. चिरंजीवांनी ऐकला, होता. सौभाग्यवतींनी ऐकला, होता. मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. वाचकहो, म्हातारे माणूस असलेल्या घरात ही नजर ओळखीची असते.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलणी सुरू झाली. वय झाले, कान जायचेच. श्रवणयंत्राची चौकशी करावी. मधल्या खोलीचे दार उघडे होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चौथ्या दिवशी पाहतो तो दोन्ही हेडफोन डब्यांत भरून खिडकीत ठेवलेले. "राहू दे रे आता," आत्या म्हणाली. "कानच गेला असेल तर मग ऐकायचं तरी कशाला?" चाळीस वर्षे दुसऱ्यांचे सूर तपासलेली ती बाई. पुढचे काही मला बोलवेना.

मी हट्टाला पेटलो. हेडफोनचा दोष की कानाचा, ह्याचा निकाल लावायचाच! माझी पद्धत सोपी होती. वही घेतली, आठ तुकडे निवडले आणि ऐकता ऐकता टिपणे केली. माझे एक स्नेही ह्या विषयातले दर्दी आहेत; त्यांच्याकडून काही शब्द उसने घेतले. 'उबदार', 'मोकळा', 'दाणेदार', 'रेशमी'. दोन दिवसांत वही भरली. महागड्याला मी शंभरांपैकी ९० गुण दिले, स्वस्ताला ६०. चिरंजीवांनी वही वाचली आणि ते म्हणाले, "बाबा, हे हेडफोनचं वर्णन आहे की शालूचं?"

त्यांचा त्या विषयाशी थोडाफार संबंध आहे; ते ध्वनीच्याच क्षेत्रात इंजिनिअर आहेत. त्या रात्री त्यांनी मला खुर्चीत बसवले, सौभाग्यवतींच्या ओढणीने डोळे बांधले आणि माझाच लाडका हेडफोन डोक्यावर चढवला. "आता दोन तऱ्हेचे आवाज ऐकवतो. क्रमांक एक आणि क्रमांक दोन. फरक सांगा." मी ऐकले. क्रमांक दोन सरस होता, ह्यात शंका नव्हती. मी सांगत गेलो आणि सौ. लिहीत गेल्या: पडदा बाजूला झाल्यासारखे वाटते, गायक पुढे येऊन बसला, तंबोऱ्याला अंग आले, तबला अधिक रेखीव. ओढणी सोडली तेव्हा मायलेक हसून लोटपोट. हेडफोन तोच, मुद्रण तेच. क्रमांक दोनला आवाज फक्त दोन डेसिबेलने वाढवला होता.

ह्यात माझी एकट्याची फजिती नाही, एवढाच काय तो दिलासा. थोडा मोठा आवाज आपल्या कानाला 'मोठा' वाटतच नाही; तो 'चांगला' वाटतो. एका डेसिबेलच्या फरकानेही निवाडा फिरतो. म्हणून दोन हेडफोनांची तुलना करायची तर आधी दोघांचा आवाज मापून सारखा करावा लागतो, आणि मी दुकानात पाऊण तास जे केले त्याला, सौभाग्यवतींच्या शब्दांत सांगायचे तर, खरेदी म्हणतात, परीक्षा नव्हे. डोळ्यांचे आणखी निराळेच. शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल ह्या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर तेच श्रोते एकदा पाहून ऐकतात, एकदा पडद्याआड ऐकतात. दोन्ही वेळचे गुण जुळेनात. डोळ्यांसमोर थोराड, नामांकित वस्तू असली की कान तिच्याकडे झुकतो. ऐकणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, ध्वनीचेच काम करणारे लोक होते.

स्पीकर पडद्याआड ठेवता येतो. हेडफोनचे काय करणार? तो डोक्यावर बसतो. वजन कळते, गादी मऊ की टणक ते कळते. ह्यावर ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एक युक्ती काढली: श्रोत्याच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवायचा, आणि निरनिराळ्या हेडफोनांची मापे घेऊन त्यांच्या आवाजाची नक्कल त्या एकातूनच वाजवायची. एकाच नटाने सगळ्या भूमिका करण्यातला प्रकार!

गंमत अशी की, हे यंत्र मुळात गाण्यासाठी जन्मलेच नव्हते. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा संस्थानात नॅथानिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकेच्या आरमाराला पाठवले. उपयोग बिनतारी संदेश ऐकण्याचा. संदेश कळला म्हणजे झाले. रेशमी की दाणेदार ह्याची चौकशी कोण करतो? घरी बसून संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन आणला तो जॉन कॉस ह्यांनी, १९५८ साली. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि मग तो रस्त्यावर, आगगाडीत, सगळीकडे झाला.

असो. मुद्दा डग्ग्याचा होता. चिरंजीवांची पहिली शंका आवाजाच्या पातळीवर गेली. आत्या फार हळू ऐकते. आणि हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. तेही, योगायोग पाहा, श्रोत्यांच्या कानांना हेडफोन लावूनच. बैठकीत समोर बसून ऐकलेला डग्गा आणि घरी हळू आवाजात ऐकलेला डग्गा, ह्यांत फरक पडायचाच. तेव्हा आत्याची समजूत घालून आवाज वाढवला. तिने ऐकले आणि मान हलवली. "आवाज वाढला. डग्गा नाही आला."

मग मापनाची पाळी. चिरंजीवांचे एक मित्र इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही हेडफोन पिशवीत घालून गेलो. तिथे टेबलावर खांद्यांपर्यंतचा एक पुतळा बसला होता. चेहरा कोरा, पण कान अगदी माणसासारखे, मऊ रबराचे. आणि कानाच्या भोकात, पडद्याच्या जागी, ध्वनिग्राहक. असल्या पुतळ्यांपैकी 'केमार' नावाचा एक १९७२ पासून प्रसिद्ध आहे. हेडफोन पुतळ्याच्या डोक्यावर चढवायचा, २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवायचा, आणि कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज कानात पोचला त्याचा आलेख काढायचा. हेडफोन पाच वेळा काढून पाच वेळा पुन्हा बसवला. "दर वेळी बसण्यात थोडा फरक पडतो, म्हणून सरासरी घ्यायची," मित्र म्हणाले. हे वाक्य मी त्या वेळी नुसतेच ऐकले. त्यात सगळे उत्तर होते, पण ते पुढे कळायचे होते.

आलेख पडद्यावर उमटला आणि मी चमकलो. ३,००० हर्ट्झच्या आसपास हा थोरला उंचवटा! "अहो, हा तर सदोष माल!" मी म्हटले. मित्र हसले. कानाची नळी म्हणजे एका टोकाला बंद असलेली सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की तिचा ठरावीक स्वर निघतो, तशी ही नळीही ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपल्या अंगाने वाढवते. समोर बसून कोणी गायले तरी ती ते वाढवतेच. जन्मभर आपण जग ह्या उंचवट्यासकटच ऐकत असतो. तेव्हा कानाच्या पडद्यापाशी सपाट रेघ उमटवणारा हेडफोन केला तर तो सपाट वाटणार नाही, मेलेला वाटेल.

मग बरोबर रेघ कोणती? ह्यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षे वाद चालला, आणि तो पुरता मिटला आहे असे म्हणवत नाही. ऑलिव्ह प्रभृतींनी २०१२ नंतरच्या काही वर्षांत सरळ श्रोत्यांनाच विचारले. डोळ्यांआड ऐकवून, खालचे-वरचे स्वर कमीजास्त करायला देऊन. चांगल्या खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर जसा ऐकू येतो, त्याच्या जवळचा आवाज बहुतेकांना पसंत पडला. त्यावरून त्यांनी एक आदर्श रेघ आखली. सुमारे दोन-तृतीयांश श्रोत्यांना ती रुचते. बाकीच्यांपैकी कोणाला खर्ज अधिक हवा, कोणाला कमी. आमटीत गूळ किती, ह्यावरही एवढे एकमत होत नाही.

आता निकाल. चिरंजीवांचा २,२०० रुपयांचा हेडफोन त्या आदर्श रेघेच्या पुष्कळ जवळून गेला. माझ्या १८,५०० रुपयांच्या रेघेला ४,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान आणखी एक टेकाड होते. आत्या 'टोचतो' म्हणाली होती ते इथे, पडद्यावर, मापून दिसत होते. मित्रांनी माझे सांत्वन करण्यासाठी एक निबंध दाखवला: येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मापे घेऊन किमतीशी ताडून पाहिली, आणि किंमत व आवाजाची रेघ ह्यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही. माझे सांत्वन झाले नाही.

पण ज्यासाठी गेलो होतो त्याचे काय? डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या खाली. आत्याचा तंबोरा काळी चारचा. त्याची खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्झची. दोन्ही हेडफोनांची रेघ तिथे सरळ, भरघोस, पार ३० हर्ट्झपर्यंत. यंत्राने स्वच्छ सांगितले की डग्गा आहे. म्हणजे मग कान गेला. मी पिशवी उचलली आणि रिक्षा न करता पायीच घरी आलो. लवकर घरी पोचून काय सांगणार होतो?

दुसऱ्या आठवड्यात आत्याला चाकांच्या खुर्चीतून कानाच्या तपासणीला नेले. काचेच्या पेटीसारख्या त्या खोलीत बसवून निरनिराळ्या स्वरांचे शिट्टीसारखे आवाज ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे. तपासणाऱ्या बाईंनी आत्याचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारले, "आजी, गाता का?" २५० आणि ५०० हर्ट्झला २० डेसिबेल, म्हणजे अगदी निरोगी. वर ४,००० ला ३५. ८,००० ला मात्र वयाने आपले देणे वसूल केले होते. "खालचे स्वर उत्तम आहेत. वयाने कान जातो तो वरून, खालून नव्हे," बाई म्हणाल्या. "वयाच्या मानाने इतका चांगला कान मी क्वचित पाहिलाय."

मला इतका आनंद झाला की त्या भरात मी म्हणालो, "माझाही बघून टाका!" वर आत्याला म्हणालोही, की आता घराण्याचा कान कसा असतो ते बाईंना कळेल.

माझ्या कागदावरची रेघ डावीकडून मजेत चालत आली आणि ४,००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली: ५५ डेसिबेल. ८,००० ला पुन्हा थोडी वर आली होती. बाईंनी विचारले, "कारखान्यात होतात का? की फटाके फार वाजवलेत?" मी म्हणालो, "दोन्ही." छापखान्याच्या यंत्राजवळ ३१ वर्षांत कानात कापसाचा बोळासुद्धा घातला नव्हता, आवाजाची सवय झाली ह्याचे उलट भूषण वाटे. आणि फटाक्यांचे काय सांगावे! दिवाळीच्या पहाटे सुतळी बॉम्ब हातात धरून वात पेटवणारा वाड्यातला पहिला मुलगा मीच. अशा मोठ्या आवाजांची खूण बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच उमटते, आणि गेलेले परत येत नाही. बाईंनी हेडफोनचेही विचारले. जागतिक आरोग्य संघटनेचे माप असे आहे, की मोठ्या माणसाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आणि दर तीन डेसिबेल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. मी किती मोठ्याने ऐकतो ते चिरंजीवांनी मापले, आणि तो आकडा मी इथे देत नाही.

परतताना चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "बाबा, तुमचा हेडफोन ४,००० ला उंच आहे. तुम्हाला तिथंच कमी ऐकू येतं. म्हणून तो तुम्हाला आरशासारखा वाटला." आत्या शेजारीच होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिने ऐकले नाही असे मला मानता आले असते, पण तिचा कान कसा आहे ते नुकतेच कळले होते.

आता कोडे अधिकच अवघड झाले. यंत्र म्हणते डग्गा आहे. कान म्हणतो मी धड आहे. आणि दोघांची गाठ पडली की डग्गा नाहीसा!

कोडे सोडवले ते सौभाग्यवतींनी, तेही भाजी निवडता निवडता. आत्या हेडफोन लावून मांडीवर बंदिशींची वही घेऊन बसली होती. आत्याला गाणे ऐकताना बंदिशीचे शब्द समोर लागतात. म्हणून नाकावर चष्मा, तोही तिच्या आवडीचा जाड काड्यांचा. मागे अंबाडा. सौ. बराच वेळ पाहत होत्या. मग उठल्या, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आत्या, हे कानाशी नीट बसलेलंच नाही हो. चष्म्याच्या काडीनं इथं फट राहतेय. माझं बोट जातंय बघा." आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी हेडफोनच्या गाद्या आत्याच्या कानांवर दाबल्या.

आत्याचे डोळे एकदम मोठे झाले. तिचा डावा हात वहीवरून उचलला गेला आणि पलंगाच्या कडेवर ठेका धरू लागला. "आला!" ती म्हणाली. "अगं, आला! सोडू नकोस."

कारण सांगायला अगदी सोपे आहे. असल्या बंद हेडफोनची गादी आणि आपला कान मिळून हवेची एक छोटी कोठडी होते. सायकलच्या पंपाला बारीक भोक असले आणि दट्ट्या सावकाश दाबला, तर हवा भोकातून निसटून जाते, दाब होतच नाही. जोरात झटका दिला तर निसटायला वेळ मिळत नाही. तसेच इथे. खालचे स्वर म्हणजे सावकाश हेलकावे. ते फटीतून निसटतात. वरचे स्वर झटपट. ते शाबूत राहतात. म्हणून डग्गा गेला आणि चाट राहिली, गायिका राहिली. बरे, त्यामुळे तबला ओळखू येईना असेही होत नाही, कारण मूळ स्वर गेला तरी वरच्या स्वरांशांवरून मन तो भरून काढते. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झच्या खालचे काही येत नसे, तरी पलीकडच्या पुरुषाचा आवाज आपण ओळखीतच होतो. शिवाय आपल्या तबल्याचे स्वरांश सुरेल जुळतात ते मधल्या शाईमुळे, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार ह्यांनी १९२० सालीच दाखवले. पण मन भरून काढते तो स्वर, घुमारा नव्हे. सामान्य श्रोता फसतो, चाळीस वर्षे ठेका धरून शिकवलेली बाई फसत नाही.

आणि आम्हाला डग्गा का ऐकू आला? मला चष्मा फक्त वाचायला लागतो. आणि हेडफोनला अडथळा करील असे माझ्या डोक्यावर आता काही उरलेले नाही. चिरंजीव तरुण. सौभाग्यवतींनी हेडफोन लावताना वेणी पुढे घेतली होती. पुतळ्याला तर चष्माही नाही आणि अंबाडाही नाही!

चिरंजीव आत्याचा जुना चष्मा मागून घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत गेले आणि तो त्यांनी पुतळ्याच्या नाकावर चढवला. रबरी कानांचा तो कोरा चेहरा आत्याच्या चष्म्यात अगदी शिस्तीच्या मास्तरीणबाईंसारखा दिसत होता, असे ते म्हणतात. आलेख आणून त्यांनी आत्याच्या हातात ठेवला. शंभर हर्ट्झच्या खाली रेघ ढासळलेली. चाळीस हर्ट्झपाशी बारा डेसिबेलांची तूट. "आजी, तू पहिल्या दिवशी सांगितलंस ते हे," ते म्हणाले. आत्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि बंदिशींच्या वहीत ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे.

इलाज ९०० रुपयांत झाला. बारीक तारेच्या काड्यांचा नवा चष्मा आणला, अंबाड्याऐवजी सौ. आत्याची सैल वेणी घालून देतात, आणि हेडफोन चिरंजीवांचा, २,२०० वाला. मागून उघड्या असणाऱ्या जातीचा एखादा आणावा असेही मनात होते. तसला हेडफोन १९६८ साली जर्मनीतल्या झेनहायझर कंपनीने प्रथम लोकप्रिय केला, आणि त्यात फटीचा एवढा जाच होत नाही. पण आतले गाणे बाहेर खोलीभर ऐकू येते, म्हणजे साहेबाचे बोलणे आले. तो बेत सोडला. माझा १८,५०० रुपयांचा हेडफोन माझ्यापाशी आहे. मी त्यावर ऐकतो, पण आवाजाच्या बटणापाशी चिरंजीवांनी तांबड्या शाईने खूण करून ठेवली आहे, तिच्यापुढे जात नाही.

नवरात्रात एका संध्याकाळी आत्याने मला हाक मारली. एक जुने घरगुती मुद्रण चालू होते, तिच्याच एका शिष्येचे, १९७४ सालचे. "हे ऐक. दोन चिजांच्या मध्ये थांबलीय ना, तिथं तिनं तंबोऱ्याचा दोरा हलवलाय. आधी जवारी बंद होती. नंतर बघ कशी उघडलीय." मुद्रण खरखरीत, मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज. चिरंजीवांनी संगणकावर त्या दोन जागांचे पृथक्करण केले. थांबण्याच्या आधी तंबोऱ्याचे वरचे स्वरांश खुरटलेले होते, आणि नंतर ४,००० हर्ट्झच्याही पुढे ते एकावर एक पायऱ्यांसारखे उभे राहिलेले स्पष्ट दिसत होते. आत्याने पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातला, दोन्ही बाजू स्वतःच्या हातांनी दाबून धरल्या आणि तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

मी डोळे मिटून ऐकले. आधीचा तंबोरा ऐकला, मधले थांबणे ऐकले, नंतरचा तंबोरा ऐकला.

"ऐकलंस?" आत्याने विचारले.

"हो," मी म्हणालो.

"लहानपणी खोटं बोलताना तुझ्या कपाळाला अशीच आठी पडायची," आत्या म्हणाली. तिने हात तसेच ठेवले होते. "परत लाव रे," ती चिरंजीवांना म्हणाली.